त्र्याऐंशी

रविवारी सकाळी सातला बायण्याहून
अनाक्लेतची होडी सुटते.
चर्चचा क्रूस आणि टेकडीवरची पाण्याची टाकी
एका रेषेत आली की तो इंजिन बंद करतो.
ही खूण त्याच्या बापाची. बापाला तारू ठाऊक नव्हतं,
इथं जाळं फाटतं एवढंच ठाऊक होतं.

आम्ही चौघं. याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत.
फेर्मीना दातांच्या दवाखान्यात,
शाणू वेरेकराचं मडगावला टायरचं दुकान,
विशाखा अजून शिकते,
आणि मी वीजखात्यात मीटर वाचतो,
म्हणजे आकडा हेच माझं पोट.

खाली अकरा मीटरवर नियम एकच:
काही उचलायचं नाही.
टेप लावायची, पाटीवर लिहायचं, वर यायचं.
तोफेवर शंखांनी घरं केलेली,
फासळ्या वाळूतून जेमतेम वीतभर वर,
आणि नीरमाचे गोटे, कुठल्या नदीचे कोण जाणे,
आता मासे त्यांना आपलेच समजतात.

पाण्याखाली बोलता येत नाही
म्हणून माणूस मनात मोठ्यानं बोलतो.
तोफेच्या तोंडापासून तिसऱ्या फासळीपर्यंत
एक मीटर त्र्याऐंशी.
त्र्याऐंशी, म्हटलं मी.
आपली भाषा धाकट्याला आधी हाक मारते:
तीन आधी, ऐंशी मागून.
पेन्सिलीनं निमूट ऐकलं.
तीन लिहिला. मग आठ.

संध्याकाळी फेर्मीनाच्या जेवणाच्या टेबलावर
आलेखाचा कागद पसरला
तर एक फासळी दुसरीच्या पोटात घुसलेली.
तीनदा तपासलं. चहा निवला.
शाणू म्हणाला, इतक्या वर्षांत दर्याला जमलं नाही
ते तुझ्या पेन्सिलीनं केलं.
सगळे हसले. मीही.
घरी जाताना स्कूटरवर मात्र
पंचेचाळीस सेंटिमीटर मागच्या सीटवर बसून होते.

पुढच्या रविवारी पाणी गढूळ.
बंदरात खनिजाच्या बार्जेस फिरलेल्या,
हाताच्या पंज्यापलीकडे सगळं ताकासारखं.
टेपचं दुसरं टोक फेर्मीनाकडे.
ती दिसत नाही. ती आहे
हे फक्त ओढीवरून कळतं:
एक हिसका, धरलंय.
दोन, वाच.
मी नाक टेकवून वाचलं.
आठ. मग तीन.

कोपराखालचा गाळ बसला तेव्हा
तिथं काहीतरी होतं, ज्याला शंख लागले नव्हते.
मनगटाएवढं जाड, वर दोरीसाठी भोक,
बुडाला खळगा.
शिशाचा ओळंबा. खळग्यात चरबी भरून
सोडायचे खाली, तळाची वाळू चिकटून यायची,
चव घेऊन सांगायचे कुठं आलो.
खळग्यात आता वाळूच होती.

कुणीतरी नाळेवर उभा असेल,
ओल्या दोरीच्या गाठी बोटांनी मोजत,
इतके वाव, इतके वाव, ओरडत.
कुठल्या भाषेत?
त्याच्या भाषेतही धाकटा आकडा आधी यायचा का?
आणि सुकाणूपाशी ज्यानं ऐकलं, त्याच्या?
मला ठाऊक नाही. वादळच असेल.
नोंदीच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही.

हिसके तीन. सोड.
मी सोडलं नाही लगेच.

पाटीवर लिहिलं:
वस्तू एकसष्ट. शिसं. लांबी ३१,
आणि पुढं, चेकवर लिहितात तसं,
अक्षरी एकतीस फक्त.
वजनाच्या जागी रेघ, कारण उचललं नाही.
फोटो काढला. गाळ आपोआप परत आला.

होडीत चढताना अनाक्लेतनं हात दिला.
किदें मेळ्ळें?
दर खेपेला विचारतो. सोन्याची आशा
त्यानं कधीच सोडली, सवय सुटलेली नाही.

पंचेचाळीस सेंटिमीटर, म्हटलं मी.
त्यानं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं,
नांगर ओढायला घेतला,
आणि गाठी मोजू लागला, ओठांतल्या ओठांत.